आधी हात धुवायला पाणी द्या
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण बोलणार आहोत ते खानावळीच्या, धाब्याच्या, हॉटेलाच्या स्वयंपाकघराबद्दल. समोरची टेबलं, रंगीत पाटी, बडीशेपेची वाटी हे सगळं गिऱ्हाइकाला दिसतं. मी बोलणार आहे ते पडद्याच्या मागच्या जागेबद्दल. तिथे भट्टी असते, मोरी असते, पाण्याचं पिंप असतं आणि तिथे आपल्यातल्याच बाया काम करत असतात.

कसारा हे वाटेवरचं गाव. १८६५ साली घाटातली रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून इथे गाडी थांबते. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा. तो चढायला गाडीला जादा इंजिन जोडावं लागतं. तेवढ्या वेळात गाडीतली माणसं खिडकीतून हात बाहेर काढून वडापाव घेतात, चहा घेतात. मुंबईची लोकलही इथेच संपते. दुसरीकडे मुंबई-नाशिक महामार्ग. घाट चढण्याआधी ट्रकवाले, देवदर्शनाला निघालेली कुटुंबं, पावसाळ्यात विहीगावचा धबधबा बघायला आलेली पोरं, सगळी इथे आसपास जेवतात. म्हणजे आपल्या हातचं खाऊन रोज किती अनोळखी माणसं पुढे जातात! त्यांतलं कोणी इगतपुरीच्या पुढे जाऊन आजारी पडलं, तर आपल्याला कळतही नाही. गावातलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडेल तरी. वाटेवरचं गिऱ्हाईक भांडायला परत येत नाही.

आता मी हा विषय का निवडला ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका खानावळीत काम करणाऱ्या बायकांशी मी स्वच्छतेबद्दल बोलायला गेले होते. खानावळीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मी सोबत हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र नेलं होतं. तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं करून दाखवलं. भाकऱ्या थापणाऱ्या एका मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "ताई, हे सगळं बरोबर आहे. पण हात धुवायला पाणी कुठंय?"

मी मागे जाऊन बघितलं. गिऱ्हाइकांच्या बेसिनला नळ होता, साबणाची बाटली होती, आरसाही होता. मागच्या बाजूला एक बादली होती. त्याच बादलीत भाजी धुवायची, त्यातच हात बुचकळायचे, त्याच पाण्यात सुरी बुडवायची. साबणाची वडी मोरीवर होती, पण ती भांड्यांची. आणि बायकांसाठी संडास नव्हता. त्या मागच्या झाडीत जात होत्या. परत आल्यावर हात कुठे धुवायचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मी आणलेलं चित्र गुंडाळून पिशवीत ठेवलं. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच: स्वयंपाकघर घाण असलं की आपण "बायका नीट काम करत नाहीत" असं म्हणतो. पण हात धुण्याआधी पाणी लागतं, साबण लागतो, धुवायला फुरसत लागते. हे देणं मालकाचं काम आहे. ते मिळाल्यावर हात धुणं हे आपलं काम. आजचं माझं बोलणं या दोन्ही कामांबद्दल आहे.

पाण्यापासूनच सुरू करू. आपला शहापूर तालुका म्हणजे धरणांचा तालुका. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झालं. भातसा आपल्याकडेच. वैतरणेचं पाणीही याच डोंगरांतून जातं. मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात आपल्या परिसरातून जातं. आणि मार्च-एप्रिल उजाडला की आपल्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. जिच्या घरी दोन हंड्यांवर दिवस काढायचा असतो, तिला खानावळीत गेल्यावर "भरपूर पाण्याने धुवा" असं सांगणं म्हणजे थट्टाच. म्हणून थोडक्या पाण्यात स्वच्छता कशी राखायची, ते बघू.

पहिली गोष्ट, हात बादलीत बुचकळायचे नाहीत. एकाने बुचकळले की पुढच्या दहा जणांचे हात त्याच घाणीत जातात. झाकणाची प्लॅस्टिकची बादली घ्या, तिला तळाशी छोटी तोटी बसवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात तोटी मिळते, बसवायला पाच मिनिटं लागतात. बादली उंच स्टुलावर ठेवा, खाली घमेलं ठेवा, शेजारी साबण दोरीला बांधून टांगा. हात ओले करा, तोटी बंद करा, साबण लावून वीस सेकंद चोळा, मग तोटी उघडून धुवा. मधल्या वेळात पाणी बंद असतं, म्हणून थोडक्यात काम होतं. घमेल्यातलं पाणी अळूला, कर्दळीला घाला. गिऱ्हाइकाच्या बेसिनइतकाच मान मागच्या या बादलीला मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट, वापरायचं पाणी आणि खायचं पाणी वेगळं ठेवा. पिण्याचं, चटणीचं, कणीक मळायचं, सरबताचं पाणी एका झाकणाच्या पिंपात. त्यात लांब दांड्याचं ओगराळंच घालायचं. ग्लास किंवा हात घालायचा नाही. टँकरचं पाणी टाकीत भरलं की ते कुठल्या विहिरीचं आहे, वाटेत काय झालं, आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून ते शुद्ध करूनच वापरायचं. ताजी, कोरडी, झाकून ठेवलेली ब्लिचिंग पावडर हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम लागते. ती सरळ टाकीत टाकायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. मग तासभर थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्यायचं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. आपल्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. त्याच्याकडे ओ. टी. चाचणीचं सामान असतं. काचेच्या नळीत पाणी घेऊन दोन-चार थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं, तर त्यात क्लोरीन आहे असं समजायचं. त्याला एकदा खानावळीत बोलवा, पावडरीचं माप समजून घ्या, टाकीवर लिहून ठेवा. आणि टाकी आतून घासल्याला किती दिवस झाले, तेही तिथेच तारखेसह लिहा.

तिसरी गोष्ट, भांडी. उष्टं आधी खरवडून काढा. तीन टोपल्या किंवा घमेली मांडा. पहिल्यात साबणाने घासायचं, दुसऱ्यात साबण काढायचा, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, ते गरम असेल तर उत्तम. मग भांडी जाळीवर उपडी घालून वाळू द्या. फडक्याने पुसू नका. खानावळीतलं सगळ्यांत घाण काय असतं, विचाराल तर मी म्हणेन फडकं. त्याच फडक्याने टेबल पुसतात, त्यानेच तवा धरतात, त्यानेच ताट पुसतात आणि त्यातच भाकरी गुंडाळतात. तव्यावरून उतरलेल्या भाकरीत जंतू टिकत नाहीत, इतकी ती तापलेली असते. बिघडते ती त्या ओल्या फडक्यात गेल्यावर. भाकरीचं फडकं वेगळं ठेवा, रंगही वेगळा ठेवा आणि रात्री ते पाण्यात उकळून वाळत घाला.

आता थोडी लांबची गोष्ट सांगते. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे नावाचं गाव आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात तिथे एका सावकाराच्या कुटुंबाने राहायला बंगला घेतला होता. घरात अकरा माणसं. त्यांतली सहा विषमज्वराने, म्हणजे टायफॉईडने आजारी पडली. शोध घेणाऱ्याच्या लक्षात आलं की घरात नवी स्वयंपाकीण आली होती. मेरी मॅलन तिचं नाव, आयर्लंडहून आलेली गरीब बाई. ती आधी जिथे जिथे कामाला होती, त्यांतल्या बहुतेक घरांत ताप निघाला होता. गंमत अशी की मेरी स्वतः ठणठणीत होती. टायफॉईडचे जंतू तिच्या पोटात होते, पण तिला ताप नव्हता. तिच्या हातचं गरम जेवण बाधलं नसावं, कारण शिजताना जंतू मरतात. पण ती पीच घालून आईस्क्रीम करायची, आणि आईस्क्रीम कोणी शिजवत नाही.

सरकारने तिला धरलं आणि एका बेटावर ठेवलं. १९१० साली "पुन्हा स्वयंपाकाचं काम करणार नाही" या बोलीवर सोडलं. तिला कपडे धुण्याचं काम मिळालं, पण त्यात पगार कमी. काही काळाने तिने नाव बदललं आणि पुन्हा स्वयंपाकाला लागली. १९१५ साली बायकांच्या एका हॉस्पिटलात पंचवीस जणांना टायफॉईड झाला, त्यांतले दोघे गेले. तिथली स्वयंपाकीण मेरीच होती. तिला परत बेटावर नेलं. १९३८ साली ती तिथेच वारली.

ही गोष्ट ऐकली की पहिल्यांदा मेरीचा राग येतो. मलाही आला. पण मग वाटतं, एका बाईचं पोटाचं काम काढून घेतलं, त्या बदल्यात तेवढ्या पगाराचं दुसरं काम तिला कोणी दिलं का? आपण आपल्याकडे बघू या. आपल्या खानावळीतल्या बाईला सकाळी जुलाब होतात. ती सांगते का? नाही सांगत. कारण सांगितलं तर रोज कापला जातो, दोन दिवस घरी बसली तर तिच्या जागी दुसरी येते. म्हणून ती पोटाला फडकं घट्ट बांधून कामावर येते, कोशिंबीर चिरते, चटणी वाटते. आणि मग आपण म्हणतो, बायका खोटं बोलतात.

मालकभावांनो, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. जुलाब, उलटी, ताप, कावीळ असलेली व्यक्ती स्वयंपाकघरात असता कामा नये, आणि जुलाब-उलटी थांबल्यावरही आणखी दोन दिवस अन्नाला हात लावता कामा नये. पण हे तिने खरं सांगावं असं वाटत असेल, तर त्या दिवसांचा रोज कापू नका. निदान तिला हिशेबाचं, झाडण्याचं, बाहेरचं काम द्या. तीन-चार दिवसांचा रोज किती होतो? आणि एका जेवणावळीत वीस माणसं आजारी पडली तर किती होईल, याचा हिशेब तुम्हीच करा. हाताला कापलं असेल, भाजलं असेल, पू असेल, तरीही तेच. जखमेतले आणि नाकातले जंतू अन्नात गेले की तिथे विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा तापवलं तरी जात नाही. जखम झाकायला पट्टी आणि वर हातमोजा, हे कामाच्या जागेवरच ठेवा.

संडासाचंही तसंच. टायफॉईड, कावीळ, जुलाब यांचे जंतू विष्ठेतून हातावर आणि हातावरून ताटात जातात. हा रस्ता तोडायचा तर मागे काम करणाऱ्या बायकांसाठी संडास हवा, त्याला पाणी आणि साबण हवा. "गिऱ्हाइकांचा आहे ना" असं म्हणून चालत नाही, कारण कामाच्या गर्दीत पुढच्या बाजूला जायला बायका कचरतात, आणि काही ठिकाणी त्यांना जाऊही देत नाहीत.

आता वेळ आणि उष्णता. शहापूर तालुक्यातच, भातसईच्या आश्रमशाळेत, २०२४ च्या जानेवारीच्या शेवटी शंभराहून जास्त मुलांना जेवल्यावर त्रास झाला. जेवण बाहेरून आलं होतं, पुलाव आणि गुलाबजाम. मुलांना शहापूरच्या रुग्णालयात न्यावं लागलं. ती बातमी ऐकून आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. तिथे नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही. पण मोठ्या टोपातलं जेवण दुसरीकडे नेऊन उशिरा वाढणं यात धोका काय असतो, ते प्रत्येक आचाऱ्याला कळलं पाहिजे.

जंतूंना कोमट आवडतं. पाच अंशांच्या खाली ते गारठून बसतात, साठ अंशांच्या वर त्यांना वाढता येत नाही. मधल्या कोमट पट्ट्यात ते वाढत जातात. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचं नाही. एक तर वाफाळतं ठेवायचं, नाही तर पटकन गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं.

भाताचं उदाहरण घ्या. दुपारचा भात मोठ्या टोपात तसाच राहतो आणि रात्री फोडणीचा भात म्हणून वाढला जातो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बी असते. ती भात शिजला तरी मरत नाही. टोप हळूहळू गार होतो तेव्हा ती बी उगवते आणि विष तयार करते. मग कितीही चरचरीत फोडणी द्या, उलट्या करायला लावणारं ते विष तसंच राहतं. म्हणून उरलेला भात लगेच परातीत पातळ पसरा, वारा लागू द्या, आणि तासा-दीड तासात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. नाही जमत, तर कमी शिजवा. पुन्हा एक टोप चढवायला गॅस लागतो, पण ते परवडतं.

रस्श्याचंही तसंच. धाब्यावर लाल, पिवळी ग्रेव्ही सकाळी करून मोठ्या डेगीत ठेवतात आणि ऑर्डर आली की त्यातून काढतात. डेग बाहेरून गार लागते, पण मध्ये हात घातला तर कोमट असते. ती लहान, पसरट भांड्यांत ओतून गार करा. वाढताना जेवढी हवी तेवढीच काढून खदखदून उकळा. उकळलेली उरली तर परत डेगीत ओतू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते. फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास आतला थंडावा टिकतो. म्हणून वीज गेली की फ्रिजच्या दारावर गेलेल्या वेळेची चिठ्ठी लावा आणि दार उघडू नका.

कच्चं आणि शिजलेलं यांची गाठ पडू द्यायची नाही, हा आणखी एक नियम. कोंबडी कापलेल्या फळीवर कांदा-काकडी कापायची नाही. दोन फळ्या घ्या. एकीवर लाल खूण करा, ती मटण-कोंबडीची, दुसरीवर हिरवी, ती भाजीची. कोंबडी धुताना पाणी उडतं आणि शेजारच्या कांद्याच्या ताटात पडतं. कोंबडी मोरीपाशी, खाली, वेगळ्या घमेल्यात हाताळा आणि शेजारी उघडं काही ठेवू नका. फ्रिजमध्ये कच्चं मांस खालच्या कप्प्यात ठेवायचं. वर ठेवलं की त्याचं पाणी खालच्या चटणीत ठिबकतं. हिरवी चटणी, कोशिंबीर, लिंबू-कांद्याची ताटली, पाणीपुरीचं पाणी, ताक हे सगळं न शिजवता खायचं असतं. म्हणून चुका इथे जास्त महागात पडतात. त्यांना शुद्ध केलेलं पाणी वापरा आणि ते थोडं थोडं करा.

बर्फाकडे लक्ष द्या. कारखान्यात मासे, सामान गार ठेवायला लागणारा बर्फ वेगळा, खायचा बर्फ वेगळा. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळसर बर्फ सरबतात दिसला तर घेऊ नका.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते काळं पडतं, फेस येतो, धूर लवकर निघतो. जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातले खराब घटक, ज्यांना पोलर घटक म्हणतात, पंचवीस टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचं नाही. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं. म्हणून साधी सवय ठेवा: रोज तेल गाळा, कालच्या काळ्या तेलात नवीन तेल ओतत राहू नका, फेस येऊ लागला की ते तेल संपलं असं समजा. आणि वडा वर्तमानपत्रात बांधणं बंद करा. छपाईच्या शाईतले घटक तेलकट, गरम पदार्थात उतरतात. अन्नाच्या वेष्टणाच्या २०१८ च्या नियमांत याला बंदी आहे. पळसाची पानं तर आपल्याकडे भरपूर आहेत. धुऊन पुसून वापरा. गिऱ्हाइकाला उलट आवडतं.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण कायदा आपल्या बाजूने बोलतो हे अनेकींना ठाऊक नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, तो ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. परवान्याच्या नियमांना एक चौथी अनुसूची जोडलेली आहे. स्वयंपाकघर कसं असावं, ते तिच्यात लिहिलंय. पिण्यालायक पाणी हवं. हात धुण्याची सोय आणि साबण हवा. कामगारांसाठी संडास हवा. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी आणि पोटाच्या रोगांविरुद्ध लस हवी. बघा, सुरुवातीला मावशींनी जे विचारलं होतं, ते कायद्यात लिहिलेलंच आहे. म्हणजे पाणी मागणं ही तक्रार नाही, ती आठवण आहे.

बचत गटाच्या बायकांसाठीही सांगते. डबे देणं, पापड-लोणची विकणं, जत्रेत भाकरी-पिठल्याचा स्टॉल लावणं, या सगळ्याला नोंदणी लागते. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यवसायाला परवाना नाही, साधी नोंदणी, आणि नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये अशी २०११ च्या नियमांत ठरली. अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर आताचा नियम आणि फी पाहून घ्या, म्हणजे कोणी दलाल हजार-दोन हजार सांगून फसवणार नाही. नोंदणीनंतर चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो भिंतीवर लावायचा. २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. अन्न हाताळणाऱ्यांसाठी सरकारमान्य प्रशिक्षण आहे, त्याला फॉस्टॅक म्हणतात. खानावळीतून कोणाला पाठवायचं ठरलं, तर नुसतं मालकाच्या मुलाला पाठवू नका. रोज ओट्याशी उभी राहणाऱ्या बाईला पाठवा.

शेवटी खाणाऱ्यांसाठी. आपण सगळेच कधी ना कधी बाहेर खातो. हॉटेलात शिरलात की भिंतीवर क्रमांक आहे का बघा. जेवण वाफाळतं आलं का बघा. जमलं तर वाढणाऱ्या ताईंना हळूच विचारा, "मागे हात धुवायला नळ आहे का हो?" गिऱ्हाईक असं विचारू लागलं की मालक नळ बसवतो, हे मी बघितलंय. आजारी पडलात तर बिल ठेवा, काय आणि किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा, दवाखान्यात सांगा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक १८०० २२२ ३६५, आणि केंद्राचा १८०० ११२ १००. तक्रार करताना ती जागेबद्दल आणि सोयीबद्दल करा. वाढणाऱ्या पोरीचं किंवा भांडी घासणाऱ्या बाईचं नाव घेऊन करू नका. तिला काढून टाकलं म्हणजे मोरी स्वच्छ होत नाही.

मालकांनो, एक व्यवहाराची गोष्ट. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता कितीतरी गाड्या आपला घाट टाळून बोगद्यातून जातात. जे गिऱ्हाईक अजून आपल्या रस्त्याने येतं, ते चवीसाठी आणि खात्रीसाठी येतं. "कसाऱ्याला जेवलो आणि पोट ठीक राहिलं" असं त्याने दोन माणसांना सांगितलं, तर ते पाटीपेक्षा जास्त कामाचं.

उद्यापासून एवढंच करा. मागच्या बाजूला तोटीची बादली आणि साबण ठेवा. भाकरीचं फडकं वेगळं करा. आणि आजारी बाईचा रोज कापू नका. बाकीचं पुढे हळूहळू करू.

त्या मावशींच्या खानावळीत मी महिन्याने परत गेले. मालकांनी तोटी लावलेली निळी बादली ठेवली होती. साबणाची वडी दोरीला बांधलेली, अर्धी झिजलेली. मावशी म्हणाल्या, "ताई, आता ते चित्र लावा." आम्ही ते बादलीच्या वर भिंतीला लावलं.

आपल्या खानावळीत काय बदललं, ते आम्हाला जरूर कळवा.